हौस खरी, पण निधीही खरा

महोदय,

कर्करुग्णांसाठी निधी जमवायला मॅरेथॉन धावणे ही निव्वळ हौस असून धावणाऱ्याने तेवढी रक्कम स्वतःच द्यावी, असे सुचवणारे शनिवारच्या अंकातील पत्र पटले नाही. एकट्याची देणगी त्याच्या ऐपतीपाशी थांबते. धावणारा मात्र अनेकांपुढे हात पसरू शकतो. कर्करोगामुळे एक पाय गमावलेला टेरी फॉक्स १९८० मध्ये कृत्रिम पायावर १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला आणि प्रत्येक कॅनडावासीयाकडे त्याने एकच डॉलर मागितला. फेब्रुवारी १९८१ पर्यंत निधी देशाच्या लोकसंख्येइतका, म्हणजे सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर झाला होता. मुंबईत परळला टाटा कर्करोग रुग्णालयाजवळ पदपथावर मुक्काम करून उपचार घेणारे परगावचे रुग्ण पाहता, निवास-भोजनाची सोय करणाऱ्या संस्थांना असा निधी हवाच आहे. त्यांनी हिशेब तेवढा जाहीर करावा.

– एक वाचक, ठाणे