लादी कापताना उडणारी धूळ

संपादक महोदय,
आमच्या बिल्डिंगमध्ये बारा महिने कुणाचं ना कुणाचं रिनोव्हेशन चालूच असतं, सध्या वरच्या मजल्यावर जुनी मोझॅक लादी घासतायत आणि पॅसेजमध्येच क्वार्ट्झचे, म्हणजे ओट्यासाठीच्या कृत्रिम दगडाचे, स्लॅब कोरडे कापतायत. कापणारा पोरगा तोंडाला नुसता गमछा बांधून बसलेला, भुवया पार पांढऱ्या! या कृत्रिम दगडात ९० टक्क्यांहून जास्त सिलिका (वाळूत असतं ते खनिज) असू शकते, तिचे बारीक कण फुप्फुसात खोल जाऊन बसतात, सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो नि तो बरा होत नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या कृत्रिम दगडावर बंदीच घातली. आपल्याकडे निदान पाणी मारत कापा, ग्राइंडरला व्हॅक्यूम लावा एवढं तरी सोसायट्यांनी परवानगी देतानाच लिहून घ्यावं, डिपॉझिट घ्यायला बरे विसरत नाहीत.

– एक वाचक, गोरेगाव, मुंबई