खाटा मोजताना

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रोजेक्टचा मसुदा वाचला. कोविडमध्ये रुग्णालयांनी आयसीयू कसे वाढवले, याचे तक्ते सुरेख झालेत. खाटा किती, व्हेंटिलेटर किती, ऑक्सिजनचे पॉइंट किती, सगळं आहे. नर्स किती, हा रकाना मात्र सापडला नाही. आई आयसीयूत सिस्टर असून लेकाचं हे राहावं, याचं आधी हसू आलं.

मार्च 2020 मध्ये पुण्यात राज्यातला पहिला रुग्ण सापडला आणि काही दिवसांतच आमच्याकडे ठरवलेली ऑपरेशनं थांबली. ऑर्थोचा वॉर्ड रिकामा केला, थिएटरमधली भुलीची मशिन्स व्हेंटिलेटर म्हणून लावली, एका दाराशी पीपीई किट चढवायचं (डोनिंग), दुसऱ्या दाराशी उतरवायचं (डॉफिंग). मे महिन्यात मुंबईत बीकेसीच्या मैदानावर तर हजार खाटांचं केंद्र उभं राहिलं. खाटा अशा उभ्या करता येतात. आयसीयूची सिस्टर घडायला वर्षं लागतात.

व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक नर्स, हा आमचा नियम. 2021 च्या एप्रिलमध्ये एकीच्या वाट्याला चार-चार रुग्ण होते. मदतीला डोळ्यांच्या ओपीडीतून, लेबर रूममधून सिस्टर आल्या, म्हणजे कागदावर माणसं पुरेशी दिसत होती. त्या मुली हुशार होत्या, पण शिरेतून मोजून औषध सोडणारा इन्फ्युजन पंप ओरडला की आधी कुठे बघायचं, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. शेवटी आम्ही कामं वाटून घेतली. ट्यूबमधला कफ ओढून काढणं (सक्शन), रक्तातल्या वायूंची तपासणी (एबीजी), बीपी टिकवणाऱ्या औषधांचे डोस जुन्या सिस्टरकडे. तोंडाची-डोळ्यांची स्वच्छता, कूस बदलणं, लघवीचं माप, नाकातून पोटात घातलेल्या रायल्स ट्यूबमधून फीड नव्यांकडे. ही वाटणी वरून आलेल्या कुठल्याही आदेशात नव्हती. तुझ्या ‘पुनर्रचना’ नावाच्या प्रकरणात ती यायला हवी.

रक्तातला ऑक्सिजन वाढावा म्हणून रुग्णाला पालथं झोपवणं तुम्ही एका ओळीत उरकलंय. श्वासासाठी ट्यूब घातलेल्या माणसाला पालथं करायला पाच-सहा जण लागतात. डोक्याशी भूलतज्ज्ञ ट्यूब धरून, बाकीचे दोन्ही बाजूंना, आणि एकीचं लक्ष फक्त मोठ्या शिरेत घातलेल्या नळीवर, सेंट्रल लाइनवर. सोळा तासांनी पुन्हा उताणं. तेवढा वेळ बाकीच्या रुग्णांकडे कोण बघणार? म्हणून आम्ही ते ड्यूटी बदलताना करायचो. ओव्हर (रुग्णांची सूत्रं) देणाऱ्या आणि घेणाऱ्या, दोन्ही पाळ्या तेव्हा हाताशी असायच्या. पीपीईत घामाने भिजलेल्या, कधीच्या तहानलेल्या मुली आणखी अर्धा तास थांबायच्या. हा अर्धा तास कुठल्या हजेरीत लागला असेल, तू सांग.

ऑक्सिजनचं तुझं बरोबर आहे. नाकातून जोरात ऑक्सिजन देणाऱ्या हाय फ्लो यंत्रावरचा एक रुग्ण मिनिटाला साठ लिटरपर्यंत ओढतो, आणि असे बरेच झाले की ऑक्सिजनच्या पाइपलाइनच्या टोकाकडच्या खाटांना दाब पुरत नाही. 2021 च्या त्याच एप्रिलमध्ये नाशिकला टाकीची गळती होऊन पुरवठा तुटला आणि 22 रुग्ण गेल्याची बातमी आली, तेव्हापासून आमच्या वॉर्डातली मावशीसुद्धा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा बघायला शिकली.

मार्गदर्शक सर विचारतील, नर्सचा मुद्दा कुठून काढलास? त्यांना कोपनहेगनचं 1952 सांग. पोलिओची साथ होती. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वास बंद पडलेल्यांना पुरतील एवढी यंत्रंच नव्हती. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छिद्र पाडून नळी घालायला लावली आणि पिशवी हाताने दाबत श्वास द्यायचा मार्ग दाखवला. सुमारे पंधराशे विद्यार्थी पाळ्या लावून खाटेशी बसले, पिशव्या दाबत राहिले. आयसीयूची सुरुवात बरेच जण तिथून मानतात. म्हणजे खाटेशेजारी माणूस आधी आला, व्हेंटिलेटर मागून.

तर एक रकाना वाढव. त्यात नुसता आकडा नको. आयसीयूचा अनुभव असलेल्या किती आणि दुसरीकडून आणलेल्या किती, हे वेगळं लिही. रुग्णालयं हा हिशेब सहज देणार नाहीत. मेट्रनच्या (मुख्य सिस्टरच्या) ऑफिसात ड्यूटी लिस्ट मिळते का बघ, अकाउंट्समध्ये वेळ घालवू नकोस.

या आठवड्यात माझी नाइट आहे, फोन संध्याकाळी कर. तुझ्या बाबांनी लाडू पाठवलेत, रूममधल्या पोरांनाही दे.

तुझी,
आई