वेगळं वागणं आणि मनाचा आजार

महोदय,

श्रावणात कानबाई देवीपुढे कुणाच्या अंगात आलं, तर खान्देशात कुणी त्याला वेड म्हणत नाही. मानसशास्त्रही म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणानुसार (आयसीडी-११) अशी अवस्था विकार ठरते ती नकळत, नको असताना येत असेल, मान्य धार्मिक प्रथेचा भाग नसेल आणि जगणं विस्कटत असेल तरच.

वर्तन केवळ दुर्मीळ आहे म्हणून ते विकृत नसतं. अफाट बुद्धिमत्ताही दुर्मीळच. पाहायचं ते हे, की माणसाला त्रास होतोय का, कामधंदा आणि नाती कोलमडली का, जिवाला धोका आहे का.

कापसाचा भाव पडल्यावर चार दिवस उदास वाटणं स्वाभाविक आहे. पण झोप, भूक, एकाग्रता, थकवा, अपराधीपणा, मरणाचे विचार अशा नऊपैकी पाच तरी लक्षणं जवळपास रोज, दोन आठवडे टिकली आणि त्यात उदासी किंवा कशातच रस न उरणं असेल, तर नैराश्याची तपासणी हवीच. घरचे त्याला ‘आळस’ म्हणतात, तिथेच उपचार लांबतात.

समाजाच्या चालीरीतींशी न जुळणं हा मानसिक आजार ठरवण्याचा आधार नाही, असं २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ३ सांगतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक १४४१६. मराठीत बोलता येतं.

— मानसशास्त्राचे एक अध्यापक, जळगाव