पैठणच्या त्या कारागीर काकांचे आभार

नाथषष्ठीला आमची दिंडी पैठणात पोचली आणि कीर्तनाच्या तोंडावर पखवाजाची शाईची पुडी, म्हणजे काळा लेप दिलेलं कातडी तोंड, फाटली. गर्दीत कुणाला विचारावं कळेना. एका चहावाल्या दादांनी गल्ला पोरावर सोपवून आम्हाला एका म्हाताऱ्या कारागिरांच्या घरी नेलं.

काका जेवायला बसत होते. ताट तसंच झाकून ठेवलं. हरिपाठ अडू नये म्हणून आधी स्वतःचा पखवाज आमच्या हाती दिला. अनोळखी माणसांना! मग तयार पुडी काढली, बोटानं वाजवून पाहिली आणि ‘शाई कच्चीय’ म्हणून बाजूला ठेवली, दुसरी घेतली. ही शाई थरावर थर देऊन दगडानं घोटावी लागते, त्यात घाई चालतच नाही. वादी म्हणजे कातडी पट्टी ओढून, लाकडी गट्टे ठोकून ते पुडीच्या काठाचं एकेक घर सुरात आणत राहिले.

“काका, एवढं चालंल,” आम्ही म्हणालो.

“तुम्हाला चालंल. नाथांच्या दारात कसं चालंल?”

पैसे फक्त कातड्याचे घेतले. आयुष्यभर हेच काम केलं, एवढंच सांगितलं, नाव नाही. कीर्तनात पखवाज असा घुमला की बुवांनीही वळून पाहिलं.

काका, दादा, तुमचे मनापासून आभार.