दम छातीचा, इलाज मांडीचा: आमच्या फिजिओथेरपिस्ट ताईंना आभार पत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदय शरीराला पुरेसं रक्त पुरवू शकत नाही तेव्हा, दम लागतो तो फक्त पंप कमकुवत झाल्यामुळे, हा समज वॉर्डात आणि घराघरांत मुरलेला आहे. रुग्णाची मांडी चाचपून तुम्ही तो मोडता, त्याबद्दल हृदयविभागातल्या आम्हा डॉक्टर-नर्सेसकडून मनापासून आभार.

या आजारात स्नायू नुसता बारीक होत नाही. चिवटपणे काम करणारे पहिल्या प्रकारचे तंतू घटतात, लवकर थकणारे वाढतात. मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं) आणि केशवाहिन्या (सर्वांत बारीक रक्तवाहिन्या) यांचंही प्रमाण घटतं. रक्त पोचलं तरी ऑक्सिजन पुरता वापरला जात नाही. शिवाय थकलेल्या स्नायूकडून मेंदूला जाणारे संदेश श्वास आणखी वाढवतात. म्हणूनच इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदयाचा डावा कप्पा आतलं किती टक्के रक्त बाहेर फेकतो तो आकडा) २५ टक्के असलेला जिना चढतो आणि ३५ वाला पहिल्याच वळणावर बसतो. व्यायामाने हा आकडा फारसा हलत नाही, मांडी मात्र सुधारते. नातेवाईक हा आकडा दाखवणारा इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट घेऊन भांडायला येतात, तेव्हा हे शांतपणे समजावणं सोपं नाही!

हृदयाची गती कमी करणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळीवर नाडी दबलेली असते, म्हणून तुम्ही श्रम किती वाटतात ते रुग्णानेच सांगायच्या बोर्गच्या ६ ते २० तक्त्यावर ११ ते १३ धरता: बोलता यावं, गाता येऊ नये. फारच अशक्त असेल त्याला ३० सेकंद पेडल, ६० सेकंद उसंत. वजनं नंतर, हलकी, १० ते १५ वेळा. उचलताना श्वास सोडायचा, कारण रोखला तर रक्तदाब एकदम चढतो. सायकल झटकन थांबवली की रक्त पायांत साचून चक्कर येते, म्हणून शेवटची पाच मिनिटं सावकाश. तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं तर व्यायाम बंद आणि आधी आम्हाला फोन, हे तर तुम्ही सगळ्यांकडून पाठच करून घेतलंय.

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ कडे जातो. लघवीची गोळी आणि घाम मिळून रक्तदाब पाडतात. फुटाळा तलावावरचं चालणं सकाळी सहाला उरकायचं, नाहीतर घरातच, हा तुमचा दंडक आम्ही डिस्चार्जच्या कागदावर घेतला आहे.

खरी गळती घरी गेल्यावर होते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, हार्ट फेल्युअरमधल्या व्यायामावरच्या, २,३३१ रुग्णांच्या एचएफ-अ‍ॅक्शन चाचणीतही ठरलेला व्यायाम पुरता पाळणारे थोडेच निघाले. थांबलं की कमावलेलं काही आठवड्यांत ओसरू लागतं, म्हणून तुमचे पाठपुराव्याचे फोन आम्हाला औषधाइतकेच मोलाचे वाटतात.

एक विनंती: तुमचा मराठी बोर्ग तक्ता मोठ्या अक्षरांत हवा आहे. ओपीडीच्या भिंतीवर जागा ठेवली आहे.

आपले,
हृदयविभागातील सहकारी, नागपूर