गोळ्यांवर खापर, दारूचं नावच नाही

संपादक महोदय,
रविवारच्या पुरवणीतला बायपोलरवरचा, म्हणजे मन कधी टोकाच्या उत्साहात तर कधी टोकाच्या उदासीत जाण्याच्या आजारावरचा, लेख वाचला, चांगला आहे, पण त्यात दारूचा साधा उल्लेखही नाही हे खटकलं. माझ्या धाकट्या भावाला हा आजार आहे, तो हिशोब चुकायला लागला, बोलताना शब्द सापडेना, आम्ही लिथियमला, म्हणजे या आजारावरच्या त्याच्या गोळ्यांना, दोष देत बसलो आणि रोजच्या दोन पेगांबद्दल घरात कुणी तोंडच उघडलं नाही. १९९० साली छापलेल्या मोठ्या अमेरिकन पाहणीत बायपोलर-वनच्या (ज्यात उत्साहाचे झटके फार तीव्र असतात त्या प्रकाराच्या) साधारण ४६ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी दारूचा विकार झालेला दिसला. मुळात आजारानेच लक्ष आणि स्मरणशक्तीवर परिणाम होतो, त्यात दारूची भर, वर झोपेचं खोबरं. पुढच्या लेखात यावर तज्ज्ञांना लिहायला सांगा, प्लीज.
– एक वाचक