पाठकोरं पान

प्रिय पक्या,

तुझा मेसेज रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी आलेला: रोज चौदा तास वाचतोस, तरी डोक्यात काही राहत नाही. सकाळी वॉर्डात जाताना वाचला आणि दिवसभर तो डोक्यातून गेला नाही. फोनवर तू "चाललंय बरं" म्हणून विषय मिटवतोस, म्हणून हे लिहून पानांचे फोटो पाठवतोय.

"सकाळ होऊच नये असं वाटतं," असं तू लिहिलंस. पहिलं त्याचंच विचारतो. जीव द्यावा असा विचार मनात येतो का रे? येत असेल तर पुढचं वाचू नकोस, आधी मला फोन कर, वेळ कुठलीही असो. रूममेटला उठव. माझा फोन लागला नाही तर 14416 लाव. टेलि-मानसची सरकारी सेवा आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं.

आता माझं, जे तुला अर्धंच माहीत आहे. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी मी ॲनाटॉमीत अडकलो हे तुला ठाऊक आहे. त्याआधीचे तीन महिने कसे गेले, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बारावीपर्यंत क्लासवाले सांगतील तेवढं करायची सवय. इथे आलो तर टाइमटेबलात 'सेल्फ डायरेक्टेड लर्निंग'चे तास. 2019 च्या नव्या अभ्यासक्रमापासून ते अधिकृतच आहेत. पण स्वतःचं स्वतः शिकायचं कसं, हे कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याचा अर्थ लावला: दार लावून, एकट्याने. पानं हायलायटरने पिवळी करायची, परत तीच वाचायची. समोरच्या खोलीतला दिवा चालू दिसला की आपला बंद करायची हिंमत व्हायची नाही. मेस चुकायची, आंघोळ राहायची, आईचा फोन कट करायचो.

निकालानंतर एका सीनियर ताईने मला मेसमध्ये समोर बसवलं. जर्नलचं पाठकोरं पान पुढे सरकवलं. "ब्रेकियल प्लेक्सस काढ. पुस्तक नको." म्हणजे मानेतून हातात जाणाऱ्या नर्व्हजचं जाळं. पाच रूट आले, तीन ट्रंक आले, सहा डिव्हिजनमध्ये गुंता झाला आणि पोस्टेरिअर कॉर्ड भलतीकडेच गेला. सात वेळा वाचलेला धडा होता तो, पक्या! ती रागावली नाही. चुकलं तिथे लाल पेनने गोल केला. "आज फक्त एवढं वाच. उद्या परत काढायचं." चौथ्या दिवशी वरणभाताचं ताट बाजूला सारून मी न बघता काढलं. रेडिअल नर्व्ह बरोबर जागी आली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

पुढे कळलं, यावर नीट प्रयोग झालेत. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना उतारा पुन्हा वाचायला लावला, काहींना न बघता आठवून लिहायला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा परत वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. तुझे चौदा तास त्या पाच मिनिटांच्या भरवशावर चाललेत.

पण एक नीट ऐक. पद्धत बदलली, मार्क सुधारले, झोप मात्र परत आली नाही. पहाटे चारला जाग, छातीत धडधड, अन्नाला चव नाही. आपल्याच सरांसमोर बसायची लाज वाटली, म्हणून दुसऱ्या रुग्णालयात मानसोपचाराचा केसपेपर काढला. सहा महिने गोळ्या घेतल्या. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाचा 2024 चा अहवाल मी नंतर वाचला. ऑनलाइन पाहणीत 25,590 एमबीबीएसच्या मुलामुलींनी उत्तरं दिली, त्यांतल्या 27.8 टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं सांगितलं. ज्यांना वाटलं त्यांनीच उत्तरं दिली, तेव्हा आकडा काटेकोर धरू नये. तरीही, तेव्हा मला वाटायचं पूर्ण बॅचमध्ये मी एकटाच असा.

अभ्यास होत नाही म्हणून मन खचलंय की मन खचलंय म्हणून अभ्यास होत नाही, हे तुला खोलीत बसून ठरवता येणार नाही, मलाही इथून नाही. ते डॉक्टरला ठरवू दे. तू आपल्या पेशंटला हेच सांगशील ना?

शनिवारी दुपारच्या एसटीने येतोय. आधी पोटभर जेवू. सोमवारी सकाळी ओपीडीला सोबत जाऊ, तू म्हणशील त्या गावी. आईने शेंगदाण्याचे लाडू दिलेत. पाठकोरी पानंही आणतोय, मांडीतला फिमोरल ट्रँगल तू काढ, लाल पेन माझ्याकडे.

हे वाचलंस की लगेच एक मिस्ड कॉल दे. वाट बघतोय.

तुझा,
विन्या